आतड्याचा कर्करोग : संकोच सोडा, तपासणी करा
(औंढा नागनाथ येथील व्याख्यान)



शौचावाटे रक्त गेले की मनुष्य मूळव्याध समजतो. संकोचाने घरात बोलत नाही, मलम आणतो आणि महिने काढतो. बहुधा ती मूळव्याधच असते. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच दिसू शकते. शौचाच्या सवयीत बदल, अकारण वजन घटणे, रक्ताल्पता ही अन्य लक्षणे होत.

हा रोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून, उद्भवतो. त्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत अशी गाठ आढळल्यास बहुधा त्याच वेळी काढता येते. म्हणजे येथे तपासणी हाच प्रतिबंध ठरतो.

तपासणीने प्राण वाचतात, याची साक्ष मराठवाड्यानेच दिली आहे. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. २००९ च्या निष्कर्षानुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटातील मृत्यू नेहमीच्या व्यवस्थेतील गटाच्या जवळजवळ निम्मे होते.

तेथे आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले. आतड्याच्या कर्करोगासाठी मात्र कोणी दारी येणार नाही. शासकीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांसाठी तपासणी होते. म्हणून येथे पुढाकार स्वतःच घ्यावयाचा आहे. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर मलातील अदृश्य रक्ताच्या चाचणीविषयी डॉक्टरांना विचारावे. आईवडील वा भावंडांस हा रोग झाला असल्यास चाळिशीतच, किंवा त्यांना तो झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, दुर्बिणीची तपासणी करावी.

शाकाहार हे समाजाचे बळ आहे, परंतु अभेद्य कवच नव्हे. दिवसभर गादीवर बसून व्यापार, वाढते वजन, तंबाखू आणि चोथा नसलेला आहार यांचा परिणाम शाकाहारी देहावरही होतोच.

जैन दर्शनाने प्रमादास कर्मबंधाचे एक कारण मानले आहे. देहाविषयीची बेफिकिरीही प्रमादच. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढा संकल्प करावा : रक्त दिसल्यास लपवू नये, प्रथम औंढ्यातील डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सुचविल्यास नांदेड वा छत्रपती संभाजीनगर गाठण्यास विलंब करू नये. ज्येष्ठांना हा प्रश्न मुलांनी आदराने, पण स्पष्टपणे विचारावा. एका दिवसाचा संकोच सोडल्याने एखाद्या घराचा आधार वाचू शकतो.

जय जिनेंद्र.