जड झाकण आणि गॅस शॉकर

गॅस शॉकर म्हणजे एक बंद पोलादी नळी, तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि नळीच्या एका तोंडातून बाहेर आलेला गुळगुळीत दांडा. नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो आणि सोबत थोडे तेल. मोटारीची डिकी, ट्रॅव्हल्सच्या बसमधला सामानाचा कप्पा, ‘हायड्रॉलिक’ म्हणून विकला जाणारा पलंग आणि बोटीच्या इंजिनावरचे झाकण तोलून धरणारी वस्तू हीच. पलंगाचे नाव काहीही असो, फळी उचलण्याचे काम वायू करतो. तेल सील ओले ठेवते आणि शेवटच्या टप्प्यात दांड्याचा वेग आवरते.

दट्ट्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब सारखाच राहतो. मात्र एका बाजूचे काही क्षेत्रफळ दांड्याने अडवलेले असते. तेवढ्या फरकामुळे दांडा बाहेर ढकलला जातो. म्हणजे शॉकरचे बल हे वायूचा दाब आणि दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके असते. ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरतो. त्यातून ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६१ किलोंचे बल मिळवायचे तर आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ १२० पट असावा लागतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पन्नास पटींहून हे अधिक आहे. निकामी शॉकर भंगारात टाकण्यापूर्वी कापणे किंवा तापवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाच्या बलाचा असतो. दांडा आत गेला की वायूला जागा कमी उरते आणि बल वाढते. पूर्ण दबलेल्या शॉकरचे बल छापील आकड्याच्या साधारण १.२ ते १.४ पट भरते.

निवडीतली नेहमीची चूक येथून सुरू होते. झाकण ४० किलोंचे आहे, तेव्हा ४०० न्यूटनचा शॉकर आणावा, असा हिशेब दुकानात सर्रास होतो. पण झाकण सरळ वर उचलायचे नसते. ते बिजागरीभोवती फिरवायचे असते. म्हणून मोजायचे ते आघूर्ण, म्हणजे बल गुणिले बिजागरीपासूनचे लंब अंतर. शाळेच्या विज्ञानात शिकलेला हा गुणाकार दुकानात मात्र कोणी करत नाही.

आघूर्ण काढण्यासाठी झाकण सोडवून तोलण्याची गरज नाही. झाकण आडवे असताना त्याच्या मोकळ्या कडेच्या मधोमध टांगता काटा अडकवावा आणि ते किंचित उचलून धरावे. काट्यावरचे किलो, बिजागरीपासून त्या कडेपर्यंतचे अंतर आणि ९.८१ यांचा गुणाकार म्हणजे वजनाचे आघूर्ण. गुरुत्वमध्य शोधण्याचा खटाटोप यात उरत नाही. झाकणावर कायम राहणाऱ्या सगळ्या वस्तू मात्र मोजताना जागेवर हव्यात. बोटीच्या झाकणावर बैठकीची गादी असते, आणि ती भिजली की तिचे वजन बरेच वाढते. पलंगाचेही तेच. फोमची गादी धरून बसवलेले शॉकर मराठवाड्यातल्या घरची कापसाची गादी अंथरली की हार मानतात, आणि बोल लागतो सुताराला.

पुढचे उदाहरण बोटीचे आहे, पण मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मोठ्या झाकणांच्या बोटी कोकणच्या बंदरांत दिसतात. जिल्ह्यातले पाणी गोडे, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेल्या पाणीमहालामागे, माकणीच्या निम्न तेरणा धरणात आणि परंड्याकडच्या सीना-कोळेगाव जलाशयात. गणिताला मात्र खाऱ्या-गोड्या पाण्याचा फरक पडत नाही. बोटीतले झाकण घेऊन केलेला हिशेब बसच्या डिकीलाही तसाच लागू होतो, फक्त डिकी वरून टांगलेली असल्याने तिचे कोन बदलतात.

समजा, इंजिनावरचे झाकण ४० किलोंचे असून बिजागरीपासून मोकळ्या कडेपर्यंत १.२ मीटर आहे. काटा सुमारे २० किलो दाखवेल आणि आघूर्ण येईल २३५ न्यूटन-मीटर. झाकण ८० अंशांपर्यंत उघडायचे आहे. दोन्ही बाजूंना एकेक असे दोन शॉकर बसवायचे. त्यांचे वरचे टोक झाकणावर बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि खालचे टोक बोटीच्या भिंतीवर, बिजागरीपासून १५ सेंटिमीटर पुढे व ५ सेंटिमीटर खाली. कागदावर मापात आकृती काढली की बंद स्थितीत दोन टोकांतले अंतर ३०.४ आणि उघड्या स्थितीत ४९.८ सेंटिमीटर मिळते. म्हणजे ५० सेंटिमीटर लांबीचा, २० सेंटिमीटर चाल असलेला शॉकर येथे बसतो. तो पूर्ण दबला की ३० सेंटिमीटर उरतो, म्हणून झाकण बंद करताना दट्ट्या तळाला आदळत नाही. ही चार मिलिमीटरची मोकळीक राखली नाही तर झाकण पूर्ण बसत नाही किंवा आधारपट्ट्या वाकतात.

आता बल. शॉकरच्या रेषेपासून बिजागरीचे लंब अंतर झाकण बंद असताना जेमतेम ७.४ सेंटिमीटर आहे. ४५ अंशांवर ते १५.७ होते. प्रत्येकी ६०० न्यूटनचे दोन शॉकर लावले आणि दबलेले बल १.३ पट धरले, तर बंद झाकणावर त्यांचे आघूर्ण ११५ न्यूटन-मीटर येते. उरलेले १२० हाताने द्यायचे, म्हणजे कडेशी सुमारे १० किलोंचा जोर. तीस अंशांच्या आसपास दोन्ही बाजूंचा तोल साधतो आणि पुढे झाकण आपसूक वर जाते. पूर्ण उघडे झाकण खाली ओढायला सुमारे ११ किलोंचा जोर लागतो. उघडताना आणि मिटताना लागणारे श्रम असे जवळजवळ सारखे असणे ही चांगल्या निवडीची खूण मानता येते.

याच जागी कोणी प्रत्येकी १२०० न्यूटनचे शॉकर बसवले तर? बंद झाकणावर त्यांचे आघूर्ण २३१ होते, वजनाला अगदी चाटून. उघडताना बोट लावले तरी पुरेल, पण मिटायला २५ किलोंचा जोर लागेल. अनेकांना हा शॉकर जास्त चांगला वाटतो, कारण दुकानात फक्त उघडून पाहिले जाते.

त्यात तापमानाची भर पडते. बंद नळीतल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. कारखान्यात बल मोजले जाते ते साधारण २० अंश सेल्सिअसला. धाराशिवच्या मे महिन्यात ४२ अंश धरले तर बल साडेसात टक्क्यांनी वाढते. वरच्या उदाहरणातले १२०० न्यूटनचे शॉकर तेव्हा २४८ न्यूटन-मीटर देतात, आणि खटका लावलेला नसेल तर झाकण दुपारी कोणी हात न लावता उचलले जाते. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली किंवा चालत्या इंजिनाशेजारी तापमान याहून अधिक असते. उलट डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना बल साडेतीन टक्क्यांनी घटते. काठावर निवडलेला शॉकर तेव्हा झाकण धरत नाही. जोर उन्हाळ्यात आणि धारणशक्ती हिवाळ्यात तपासावी, हे मराठवाड्यासारख्या टोकाच्या हवामानात विशेष पाळायला हवे.

बल मोठे घेतल्याचा फटका बिजागरीलाही बसतो, आणि हा भाग बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. बंद स्थितीत शॉकर जवळजवळ आडवा असतो. त्याचा बहुतेक जोर झाकण उचलण्यात जात नाही. तो झाकणाला बिजागरीपासून दूर ढकलतो. ६०० न्यूटनच्या जोडीतही हा ताण दीडशे किलोंच्या पुढे जातो आणि झाकण बंद असेपर्यंत अहोरात्र टिकतो. प्लायवूड किंवा फायबरमध्ये पिळलेले साधे स्क्रू त्यापुढे हळूहळू उपटतात. आरपार बोल्ट आणि मागे रुंद पट्टी हाच त्यावर उपाय. खालचे टोक आणखी थोडे खाली नेले तर बंद स्थितीतले लंब अंतर वाढते आणि कमी बलाच्या शॉकरवर काम भागते. जागा असेल तर आधी हेच करून पाहावे, बल वाढवण्याचा विचार नंतर.

झाकण बंद असताना दांडा नळीपेक्षा खालच्या अंगाला राहील असा शॉकर बसवतात, म्हणजे तेल सीलवर साचते. वरच्या उदाहरणात म्हणून दांड्याचे टोक भिंतीकडे आणि नळी झाकणाकडे येते. टोकांना गोलक जोड असावेत. दांड्यावर आडवा ताण आला की सील एका बाजूने झिजते. खाऱ्या हवेत स्टेनलेस पोलादाचा शॉकर घ्यावा. जिल्ह्यातल्या तळ्यांवर गंजाची भीती कमी, पण धूळ आहे. दांड्यावर पडलेला एक ओरखडाही सील कापतो, म्हणून त्याला पक्कड लावत नाहीत, रंग देत नाहीत आणि ग्रीस फासून धूळ चिकटू देत नाहीत.

वायू सावकाश झिरपतच असतो. झाकण पूर्वीपेक्षा जड वाटू लागले की दोन्ही शॉकर एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला तर झाकण पिळवटते. इंजिनाच्या खणात माणूस उतरायचा असेल तेव्हा शॉकर नवा असला तरी लाकडाचा किंवा लोखंडी टेकू लावूनच उतरावे. बोट लाटेवर हलते, वारा झाकणाला शिडासारखा धरतो, आणि शॉकर निवडताना धरलेल्या हिशेबात यातले काहीच नसते.