शिंपल्यांची महागाई



पिंपरीहून समुद्र दिसत नाही. आमची पवनासुद्धा मुळा, भीमा, कृष्णा अशी वाट काढीत पूर्वेच्या समुद्राला मिळते. मग कामगार चळवळीतल्या माणसांनी कोकणच्या शिंपल्यांवर का बोलावे? उत्तर धुराड्यात आहे.

आम्ल म्हटले की आमच्या कामगारांना पत्र्याचा गंज काढायची टाकी आठवते. समुद्रातले हे आम्ल त्या टाकीतून सांडलेले नव्हे. कोळसा वा डिझेल जळले की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. चंद्रपूरला कोळसा जळतो आणि त्या विजेवर इकडे यंत्रे फिरतात, म्हणून आपल्या शेडवर धुराडे नसले तरी सुटका नाही. हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू यंत्रयुगापूर्वी सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर आहे. माणूस सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो.

सोड्याच्या बाटलीत भरतात तोच हा वायू. पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल होते आणि हायड्रोजनचे आयन सुटतात. आम्लता मोजण्याच्या पीएच पट्टीवर समुद्र ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला. एका दशांशाचे काय एवढे, असे वाटेल. पण या पट्टीवर एक अंक उतरला की आयन दसपट होतात. एका दशांशालाही ते पाव हिश्शाहून अधिक वाढतात. समुद्र आम्ल झाला, असे मात्र म्हणू नये. तो अजून अल्कच आहे. वर्तमानपत्रांचे मथळे येथे घोटाळा करतात.

खरा घाव पुढे आहे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शिंपले भाजून चुना होतो तो म्हणूनच. पाण्यातले मोकळे कार्बोनेट हा तिसरीचा, कालवाचा, पोवळ्याचा कच्चा माल. नवे आयन नेमके तेच गाठतात आणि त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. माल दुर्मिळ झाला की कवच बांधायला जास्त शक्ती लागते. पगार तोच आणि बाजार चढला, म्हणजे खरे वेतन घटले, असे आम्ही दारसभेत सांगतो; तीच गत यांची, आणि महागाई भत्ता मागायला यांना युनियन नाही. पिल्लांचे हाल अधिक, कारण कालवाच्या पिल्लाला पहिले कवच दोनेक दिवसांत उभारावे लागते.

अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर २००७-०८ च्या सुमारास कालवांच्या बीजकेंद्रात पिल्ले अशीच पटापट मेली. प्रथम संशय जंतूंवर गेला. नंतर कळले की खोल समुद्रातले वायुभरले पाणी वर येत होते. तेथे टाकीच्या पाण्यात सोडा मिसळून निभावून नेले. आमच्या पश्चिम किनाऱ्यालगतही पावसाळ्यात खोलचे पाणी वर येते. रत्नागिरीकडे ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायांनी सोडा कोठे टाकावा? कारखान्यात आम्ल सांडले तर पंचनामा तरी होतो.

म्हणून पुढच्या करारात भट्टीच्या इंधनाचे कलम घालावे, अशी आमची सूचना आहे. मालक हसले, आमचे काही सभासदही हसले. बोनसच्या मागणीला आम्ही हात लावलेला नाही, हे त्यांच्यासाठी येथेच सांगून ठेवतो.