उंदराचा पंजा आणि बारा महिन्यांचे औषध



कुष्ठरोगावर उपचार घेणाऱ्यांच्या घरची मंडळी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : "डाग फिका पडला, मग गोळ्या कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर मांडावेसे वाटते.

डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली कुष्ठजंतू शोधला; परंतु प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम माध्यमात तो आजतागायत वाढलेला नाही. त्यामुळे नवे औषध पारखण्याचा मार्गच खुंटला होता. 1960 साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स शेपर्ड यांनी दाखवून दिले, की उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात, जो शरीराच्या इतर भागांहून थंड असतो, हा जंतू वाढतो. रुग्णाच्या त्वचेतील जंतू तेथे टोचायचे, उंदराच्या खाद्यात औषध मिसळायचे आणि काही महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे, अशी ही रीत. जंतू दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागत असल्याने एका उत्तरासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागे. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतही या पद्धतीने अभ्यास झाला.

या मुक्या जिवांनी दोन गोष्टी शिकविल्या. वर्षानुवर्षे एकटे डॅप्सोन घेणाऱ्या काही रुग्णांचे जंतू डॅप्सोन खाणाऱ्या उंदरातही वाढत असल्याचे 1964 साली सिद्ध झाले. म्हणजे जंतू औषधाला जुमानेनासे झाले होते. उलट, 1970 साली असे आढळले, की रिफाम्पिसिन काही दिवस घेतलेल्या रुग्णांचे जंतू उंदरात वाढत नाहीत. तरीही एकाच औषधावर विसंबल्यास तगून राहिलेले मोजके जंतू पुन्हा डोके वर काढतात. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार हा उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, आणि ही औषधे विनामूल्य मिळतात.

भारतात राष्ट्रीय पातळीवर 2005 साली कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. रोग मात्र संपलेला नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नेमकी तेव्हाच औषधाची साखळी तुटते. बधिर झालेल्या बोटांना भट्टीची धग कळत नाही. जखम चिघळते आणि मग हाताची हानी भरून येत नाही.

देणगीदारांना आमची विनंती आहे, की रुग्णाच्या मागोमाग भट्टीपर्यंत जाणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवासखर्च हाही औषधाचाच भाग मानावा. आणि आप्तजनहो, स्थलांतराला निघण्यापूर्वी आम्हांस कळवा. गोळ्यांची पुढील पाकिटे सोबत देण्याची तजवीज आम्ही करू. डाग दिसला, बधिरपणा जाणवला, तर लपवू नका. शेवटची गोळी घेईपर्यंत उपचार पूर्ण झाला असे समजू नका.