वीज येते की आणली जाते?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मसाटसारख्या गावी, चार भाषा एका वेळी कानांवर पडणाऱ्या या भूमीत, मराठीचा वर्ग जिद्दीने चालू ठेवला. त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने चक्रीवादळ आणि खंडित वीजपुरवठा हा विषय का निवडावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उत्तर एका साध्या वाक्यात आहे. आपण म्हणतो, ‘वीज गेली’. पुढे म्हणतो, ‘वीज आली’. या दोन वाक्यांत जे लपलेले आहे, त्याचा विचार मला आज करायचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु आणि मराठी वीज अशी या शब्दाची वाटचाल आहे. आकाशातून पडते ती वीज, आणि तारेतून घरात शिरते तीही वीज. माझ्या आजीच्या तोंडी ‘वीज पडली’ हे भीतीचे वाक्य होते; आज ‘वीज गेली’ हे झाले आहे. वादळाच्या शब्दांचा इतिहासही मनोरंजक आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४० च्या दशकात सर्पाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. अटलांटिकच्या बाजूला त्याच जातीच्या वादळाला हरिकेन म्हणतात. वाऱ्यात न विझणाऱ्या कंदिलाला इंग्रजांनी त्या वादळाचे नाव दिले, आणि बंगाली माणसाच्या घरात ‘हारिकेन’ म्हणजे कंदीलच होऊन बसला. वादळाचे नाव दिव्याला मिळाले, यात अनुभवाचे शहाणपण आहे.

आता अलीकडच्या दोन वादळांकडे वळतो. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्र शांत, अशी आपली समजूत होती. समुद्राचे पाणी तापत चालल्याने ती आता टिकत नाही. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात म्यानमारने नाव दिलेले ‘तौक्ते’ गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी यांना झोडपत उत्तरेकडे सरकले आणि १७ मे २०२१ च्या रात्री दीवच्या पूर्वेस सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले. ताशी १६० ते १७० किलोमीटर वेगाचा तो वारा होता. २६ जानेवारी २०२० पासून दादरा नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झालेला आहे, म्हणजे त्या रात्री अंधारात गेलेले दीव हे आपल्याच घरातले होते. दोन्ही वेळा महासाथ चालू होती. ‘तौक्ते’च्या दिवसांत तर रुग्णालयांतील प्राणवायू आणि विजेची तार यांचे नाते साऱ्यांना नव्याने कळले.

वादळात वीज जाते ती नुसत्या वाऱ्याने नव्हे. पुष्कळदा ती आधी मुद्दाम बंद केली जाते, कारण तुटून पडलेली जिवंत तार माणसाचा जीव घेते. नंतर झाडे तारांवर कोसळतात, तार खांबाला ओढते, भिजून सैल झालेल्या जमिनीतला खांब वाकतो, आणि एकेका खांबाच्या ओढीने सारी रांग झुकते. खारा तुषार चिनीमातीच्या चिमण्यांवर बसतो आणि तेथूनही वीज जमिनीकडे वाट काढते. एवढे सगळे काही तासांत होते. येथवरचे कर्तृत्व वाऱ्याचे आहे, आणि वाऱ्याला माणसामाणसांतला भेद कळत नाही. त्या पहिल्या रात्री बंगला आणि झोपडी दोन्ही सारख्याच अंधारात असतात.

भेद सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी. वीज पूर्ववत करण्याचा एक क्रम असतो. प्रथम अतिउच्चदाबाच्या वाहिन्या, मग उपकेंद्रे, मग रुग्णालये व पाणीयोजना यांच्या वाहिन्या, मग मोठी गावे, मग एकेक रोहित्र, ज्याला आपण सारे डीपी म्हणतो, आणि सर्वांत शेवटी त्या डीपीपासून घरापर्यंतची लघुदाबाची तार. या क्रमामागे तर्क आहे. वरचे दुरुस्त झाल्याशिवाय खालचे पेटत नाही, आणि एका कामात जितक्या जास्त घरांना उजेड मिळेल ते काम आधी, हा हिशेब वाजवी आहे. मुसळधार पावसात, चिखलात, खांद्यावर खांब वाहून नेणाऱ्या वायरमन मंडळींच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु या वाजवी हिशेबाचा एक परिणाम असा, की वाडीवरची सात घरे प्रत्येक वेळी शेवटी येतात. काल शेवटी होती, उद्याही शेवटीच असतील.

दापोली तालुक्यातील एका वाडीत माझी धाकटी बहीण राहते. ‘निसर्ग’नंतर तिच्या घरी वीज आली ती पाचव्या आठवड्यात. तालुक्याच्या ठिकाणी त्याआधी कितीतरी दिवस दिवे लागले होते. तिने अंधाराची तक्रार फारशी केली नाही. तिच्या पिढीला अंधार नवा नव्हता. तिची अडचण पाण्याची होती. विहीर तुडुंब, पण रहाट मोडून तेथे पंप बसवून वीस वर्षे झाली होती. घरात तांदूळ होते, पण गिरण बंद म्हणून पीठ नव्हते. टॉवर मुका, त्यामुळे आम्हांला तिची खबर आठ दिवसांनी, दापोलीला आलेल्या एका शेजाऱ्याकडून कळली. शाळा त्या जूनमध्ये मोबाइलवर भरत होती. तिच्या नातवाची भरलीच नाही. जुने साधन आपण मोडीत काढतो तेव्हा नवे साधन कायम राहील असा एक अलिखित करार असतो. वाडीच्या बाबतीत तो करार पाच आठवडे मोडला होता.

अंधार लांबला की काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे आहे. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ हरिकेनने तेथील सारी वीजव्यवस्था बंद पाडली. डोंगरातल्या शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला सुमारे अकरा महिने लागले. मृतांचा सरकारी आकडा आधी ६४ होता. पुढे विद्यापीठीय अभ्यास झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ असा सुधारला गेला. यांतील बहुसंख्य माणसे वाऱ्याने किंवा पाण्याने मेली नव्हती. ती नंतरच्या महिन्यांत, औषधोपचार, वीज, पाणी, रस्ते यांच्या अभावी गेली. गरीब भागांत आणि वृद्ध पुरुषांत हा धोका सर्वांत अधिक काळ टिकला. वादळ एका दिवसाचे होते. पुढचे अकरा महिने माणसांच्या कारभाराचे होते.

आता मी सुरुवातीच्या वाक्याकडे येतो. ‘जाणे’ आणि ‘येणे’ ही अकर्मक क्रियापदे आहेत. ‘पाऊस आला’, ‘पाहुणे आले’, तशी ‘वीज आली’. या रचनेत वीज स्वतःच कर्ता होते आणि खरा कर्ता दिसेनासा होतो. वीज जाते हे वादळापुरते खरे आहे. परंतु वीज येत नाही; ती आणली जाते. कोणीतरी ती आणतो, आणि कोठे आधी व कोठे नंतर हे कोणीतरी ठरवतो. जे ठरवले जाते त्याविषयी विचारता येते, भांडता येते. जे नुसते ‘येते’ त्याची फक्त वाट पाहता येते. आपल्या वाड्यापाड्यांतली माणसे वाट पाहतात, याला भाषाही थोडी जबाबदार आहे.

मसाटच्या परिसरात कारखाने आहेत. येथे वीज अडली तर यंत्रे थांबतात, दूरध्वनी खणखणतात, आणि ती दुरुस्त करण्याची घाई सर्वांनाच असते. पण याच प्रदेशात खानवेलच्या पलीकडे, दुधनी-मांदोनीच्या डोंगरांत, वारली-कोकणा बांधवांची घरे शेताशेतांत विखुरलेली आहेत. तेथे एका डीपीवरची तार दूर दूर जाते आणि शेवटच्या खांबाखाली एखादेच घर असते. त्या घरासाठी दूरध्वनी कोण करणार?

उपाय नाहीत असे नाही. अलिबागेसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत वाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेतले गेले; ते खर्चाचे आहे आणि विखुरलेल्या पाड्यांना परवडणारे नाही. तेथे सौर पट्टी, बॅटरी आणि पाण्याचा हातपंप हे त्रिकूट अधिक उपयोगी पडेल. पावसाआधी तारांवरच्या फांद्या छाटणे, तालुक्याच्या ठिकाणी खांब व डीपी साठवून ठेवणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांत एकाची भर घालायची आहे. दुरुस्तीचा क्रम वादळाआधी लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जावा, आणि त्या यादीत घरांच्या संख्येबरोबरच माणसांची गरज मोजली जावी: कोठे प्राणवायूच्या यंत्रावरचा रुग्ण आहे, कोठे बाळंतीण आहे, कोठे विजेवाचून पाणीच नाही. सात घरांची वाडी त्या हिशेबाने कधीतरी वर येईल.

या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज वायरमन, फिटर, अभियंते, कारकून, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. म्हणजे वीज आणणारे आणि क्रम ठरवणारे हात या सभागृहातही बसलेले आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या वादळानंतर यादी करताना आधी शेवटच्या खांबाखालच्या घराचे नाव विचारून घ्यावे. गुरुजी हजेरी घेताना मागच्या बाकापासून सुरुवात करीत, असे आपणांपैकी काहींनी मला आज सांगितले. त्याच पद्धतीने हे काम करता येईल.