दिंडीची वही



शंभर वर्षांच्या या सोहळ्यात मंडळींनी भजनाचं, पंगतींचं, जुन्या विणेकऱ्यांचं सांगितलं. आमच्याकडं दिंडीची वही असते, म्हणून आम्हांला पैशाचं बोलायला लावलं. आम्हांला चौथीपर्यंतची बेरीज-वजाबाकी येते आणि दिंडीला ती पुरते.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बुवा, तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अन् तुम्ही दहा रुपयांची पावती मागता?" बरोबर आहे. पण भावाच्या वाटणीची खतं भावाला दिली आणि आपल्या वाटणीची तेवढी बुडवली, असं सांगतात. दुसऱ्याचं बुडवलं नाही. दिंडीचा पैका कुणाच्या वाटणीचा? आमच्या तर नक्कीच नाही. नाथमहाराजांचं तुम्ही कीर्तनात ऐकलंच आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडं एका पैची चूक सापडेना, तर रात्रभर दिवा जाळून बसले.

आता घोळ कुठं होतो ते सांगतो. दिंडीचं वर्ष आषाढीला संपतं, सरकारचं 31 मार्चला. ट्रकवाल्याला, टँकरवाल्याला इसार आधी द्यावा लागतो, म्हणून भिशी आम्ही शिमग्यापासूनच गोळा करतो. मग मार्चअखेरीला बँकेचं पुस्तक फुगलेलं दिसतं आणि पारावर बोलणं निघतं, दिंडीकडं लई पैका झाला. अहो, ती वाटेतली भाकरी आहे, अजून भाजायची राहिलेली! पंढरपूरहून परतल्यावर तेच पुस्तक बघा. म्हणून आगाऊ आलेल्या भिशीला आम्ही वेगळं पान ठेवतो आणि ते देण्याच्या बाजूला धरतो. ज्यानं भिशी भरली त्याचं दिंडी तेवढं देणं लागते.

पंगतीचंही तसंच. कुणी आईच्या नावानं एका मुक्कामाची पंगत दिली, तर तो पैसा पंगतीलाच लागला पाहिजे. तंबू फाटला म्हणून तिकडं वळवायचा नाही. तंबूसाठी वेगळं मागावं, लोक देतात. ज्वारी, तूरडाळ कुणी पायलीनं देतं, कुणी पोत्यानं. तीसुद्धा मापून लिहायची. ज्याच्याकडं पैसा नाही त्याच्या पायलीची नोंद नसली, तर त्याचं देणं वहीत दिसणार कसं?

2020 साली भिशी निम्मी जमली आणि टाळेबंदी लागली. पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. काहींचं म्हणणं पडलं, पैसे राहू द्या, दिंडीच्याच कामाला येतील. आम्ही म्हणालो, घरोघर विचारू. वही घेऊन फिरलो. त्या दिवसांत रोजगार बंद होते, पुष्कळांनी पैसे परत घेतले आणि घेताना डोळ्यांत पाणी आलं. एका आजीनं घेतले नाहीत. म्हणाली, "माझी भिशी वहीत राहू द्या, पुढल्या साली येते." पुढल्या सालीही पायी वारी नव्हती. 2022 ला वारी निघाली तेव्हा आजी राहिली नव्हती. वही काढली, तिच्या घरी गेलो. सून आजीची तुळस डोक्यावर घेऊन चालली. वहीत नाव नसतं, तर तिला बोलवायला कोण गेलं असतं?

धर्मादाय कार्यालयाला हिशोब द्यावा लागतोच, तो ऑडिटवाले बघतात. पण गावाला आम्ही श्रावणातल्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी वाचून दाखवतो. कीर्तनाच्या आधी वाचतो. नंतर मंडळींचं ध्यान प्रसादाकडं लागतं. इसार, डिझेल, गॅस, किराणा, पखवाजाची शाई, सगळं मोठ्यानं वाचायचं. कुणी मधेच उठून विचारलं तर थांबायचं, राग धरायचा नाही. विचारणाऱ्यालाच पुढल्या साली किराणा आणायला सोबत न्यावं, हा आमचा जुना उपाय. त्यातले दोघे आज दिंडीची कोठी सांभाळतात.

या स्मरणिकेच्या देणग्यांचं आणि जाहिरातींचं पान वेगळं काढलेलं आहे. छापखान्याचं बिल अजून यायचं आहे. ते आलं की येत्या एकादशीला भजनाआधी वाचू, आणि शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

रामकृष्ण हरी.