शेपटीचं वजन

आज एका पडलेल्या विमानाविषयी बोलायचं आहे. घाबरू नका, जीवितहानी झालेली नाही. विमान फोमचं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभर, आणि चालवणारा जमिनीवर, हातात रिमोट घेऊन उभा. तसं पाहिलं तर हे खेळणं आपल्या रेडिओचंच भावंड. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली, तेव्हा राइट बंधूंचं विमान उडायला अजून पाच वर्षं होती.

डहाणूहून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की नरपड येतं. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र. ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते. माझी धाकटी बहीण तिथे राहते. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने दोन ईदची ईदी साठवून हे विमान कुणाकडून तरी जुनं घेतलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ते सुरूच्या झाडावर आदळलं आणि शेपूट मोडून लोंबायला लागली.

मी तेव्हा तिथेच होतो. "आण इकडे," म्हणालो. बी.ए. झालेल्या कवीला फोममधलं काय कळणार? पण मामूपणाचा म्हणून एक रुबाब असतो. दोन नळ्यांमधून काढून कालवायचा तो गोंद मी सढळ हाताने थापला, वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले. शेपूट अशी भक्कम झाली की मीच माझ्यावर खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने विमान सोडलं. त्याने नाक वर केलं, आणखी वर केलं, हवेत क्षणभर थबकलं आणि एका पंखावर कलंडून वाळूत घुसलं. नाक चेपलं, डावा पंख मधोमध तुटला. भाचा तुकडे गोळा करून आला. चेहरा उतरलेला. "मामू, माझंच चुकलं. मी दांडी जास्त ओढली."

मी म्हणालो, "होतं असं."

रात्री सगळे झोपल्यावर मी तुकडे टेपने जोडले आणि पंखांखाली दोन बोटांवर विमान तोललं. अशा विमानाचा तोल साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर साधावा लागतो. माझ्या बोटांवर शेपूट धपकन खाली गेली. शेपूट तोलाच्या जागेपासून नाकापेक्षा लांब असते, म्हणून तिच्यावर वाढलेले दहा ग्रॅम तोलायला पुढे त्याहून बरेच जास्त घालावे लागतात. मी तिथे गोंदाचं गाठोडं बांधलं होतं. मुलाने दांडी कशीही धरली असती तरी विमान पडणारच होतं.

मला कुर्तुबाचा अब्बास इब्न फिरनास आठवला. नवव्या शतकात स्पेनमध्ये त्याने अंगाला पंख लावून उडी घेतली, काही अंतर तरंगला आणि उतरताना पाठ दुखावून घेतली, असं अल-मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने शेपूट लावलीच नाही; मी जरा जास्तच लावली. पण तो स्वतः पडला होता. मी दुसऱ्याचं विमान पाडलं, आणि वर "होतं असं" म्हणालो.

सकाळी चहाच्या वेळी भाच्याला बोटांवरचा तोल दाखवला. तो बराच वेळ शेपटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग काल का नाही बोललात?"

याला उत्तर नव्हतं. "लाज वाटली," मी म्हणालो. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाईजान, चहा निवतोय."

मग दोघांनी मिळून दुरुस्ती काढली. यंत्रं आणि बॅटरी आधी बाहेर. अशी लिथियमची बॅटरी आपटून फुगली असेल तर पुन्हा चार्ज करायची नाही, पेट घेते. आमची ठीक होती. चेपलेलं नाक उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं. फोमच्या मण्यांमधली हवा तापून फुगते आणि खळगा बराचसा भरून येतो. (आधी एका तुकड्यावर करून पाहिलं, एवढी अक्कल आली होती.) शेपटीवरचा गोंद पात्याने तासून काढला. पंखात खाच पाडून बांबूची पातळ कामटी बसवली, पतंगाला असते तशी. सुताराचा पांढरा गोंद इथे कामाचा नाही, दोन फोमच्या मध्ये वारा न लागल्याने तो दिवस-दिवस ओलाच राहतो. तोच कालवायचा गोंद वापरला, पण या वेळी भाच्याने काडेपेटीच्या काडीने लावला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "तुम्ही फक्त धरा."

बॅटरी बोटभर पुढे सरकवल्यावर तोल जुळला. संध्याकाळचा समुद्रावरचा वारा टाळून दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. विमान सरळ गेलं, पाण्याच्या कडेने मोठं वळण घेऊन परत आलं आणि ओल्या वाळूवर पोटावर घसरत थांबलं. त्याने ते उचललं, दोन बोटांवर तोलून पाहिलं आणि पुन्हा सोडलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)