माणूस म्हणजे दोर नव्हे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गावाकडे एखादं जड यंत्र ट्रॉलीत चढवलं की निघताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, ''कुणाला तरी मागं बसवा, लक्ष राहील.'' आज मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमचा लहान ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी तालुक्याला नेत होतो. शेजाऱ्यांचा मोठा ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन चाकी ट्रॉली. लहान ट्रॅक्टर वर चढवला, हँडब्रेक ओढला, चाकांना दोन दगड लावले, नायलॉनच्या दोराचे दोन वेढे दिले आणि पुतण्याला ट्रॉलीत बसवलं. खिंड चढताना ट्रॉली एका खड्ड्यात आदळली. दगड निसटला, दोर ताणला आणि ट्रॅक्टर हातभर मागे सरकला. चाक आणि मागचं फाळकं यांच्यामध्ये पोराचा पाय सापडला. पाय वाचला, पण तो आजही लंगडत चालतो. ट्रॅक्टर आम्ही बांधला होता, हे खरं. पण बांधणं म्हणजे काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आपली पहिली चूक अशी, की जड वस्तू जागची हलणार नाही असं आपण धरून चालतो. ती आपणहून हलत नाही, पण एकदा चालू लागली की थांबतही नाही. ब्रेक लागतो तो ट्रॉलीला. वरचा ट्रॅक्टर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक मालवाहतुकीच्या नियमांत यासाठी साधं गणित दिलं आहे. बांधणीने पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के, तर मागे आणि दोन्ही अंगांना ५० टक्के जोर पेलला पाहिजे. म्हणजे ट्रॅक्टर ८०० किलोचा असेल तर पुढे ६४० किलोंचा आणि मागे ४०० किलोंचा रेटा धरला. आता सांगा, ट्रॉलीत बसलेला पोरगा यातलं काय धरणार?

बांधणीच्या आधी चढवण्याचा विचार करायला हवा. बैलगाडीत मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हे जुन्या माणसांना सांगायला नको. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच आहे. ट्रॅक्टर तिच्या शेपटावर आला की पुढची दांडी वर उचलू पाहते. म्हणून चढवण्याआधी ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला पक्की जोडलेली हवी आणि तिच्या मागच्या टोकाखाली भक्कम टेकू हवा. फळ्यांवरून तोंड वर करून चढवलेला ट्रॅक्टर मागच्या मागे उलटू शकतो, तेव्हा तो उलटा, रिव्हर्समध्येच चढवावा. त्यात आणखी एक फायदा आहे. ट्रॅक्टरची मागची बाजू जड असते, ती आपोआप ट्रॉलीच्या पुढच्या भागात येते. ट्रॉलीच्या आसाच्या पुढे थोडा जास्त भार असावा. मागे भार गेला तर ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवू लागते.

आता बांधणी. मारका बैल एका दाव्याने नेत नाहीत. दोन्ही बाजूंनी दोघे जण दोर ताणून धरतात. ट्रॅक्टरला असे चार ताण हवेत. दोन पट्टे पुढच्या कोपऱ्यांकडे, दोन मागच्या कोपऱ्यांकडे आणि चारही तिरपे. उभा पट्टा नुसता खाली दाबतो, आडवा नुसता ओढतो; तिरपा दोन्ही कामं करतो. पट्ट्याचं एक टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्यातल्या भक्कम जागी किंवा मागच्या आसाच्या घराला अडकवावं. स्टिअरिंगचा दांडा, मडगार्ड, नांगर उचलणारे हात यांना कधीच अडकवू नये. दुसरं टोक ट्रॉलीच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या कडीत हवं. फाळक्याच्या कडीवर भरवसा ठेवू नये.

नायलॉनचा दोर ताणतो आणि गाठ मारली की त्याची ताकद घटते. त्यापेक्षा रॅचेटचे पट्टे घ्यावेत. त्यांच्यावर किती भार पेलेल तो आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. पट्टा पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. कडेवर घासून पट्टा कापला जातो. चिरलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा टाकून द्यावा.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. रबरी टायर म्हणजे स्प्रिंगच. खड्ड्यात टायर दबला की पट्टा क्षणभर सैल होतो आणि त्याच क्षणी हूक निसटतो. म्हणून टायर किंचित बसेपर्यंत पट्टा आवळायचा. चाकांना दगड न लावता लाकडी पाचरी लावून त्या फळीला ठोकायच्या. गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा. पण ही सगळी बांधणीची जोड झाली, बांधणी नव्हे. मागे रोटाव्हेटर असेल तर तो खाली टेकवून वेगळा बांधायचा.

आणि निघाल्यावर थांबायचं. अमेरिकेतला तोच नियम सांगतो, की पहिल्या ८० किलोमीटरच्या आत बांधणी पुन्हा तपासा. आपल्या रस्त्यांवर मी म्हणेन, पहिल्या दोन-तीन किलोमीटरलाच उतरा. घरी घट्ट वाटलेला पट्टा तोवर हमखास सैल झालेला असतो.

आमच्याकडे आता पट्टे पुतण्याच आवळतो. आवळून झाले की ट्रॅक्टरला खांद्याने जोरात रेटा देतो. ट्रॅक्टर एकटा हलला तर पट्टे पुन्हा आवळायचे. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीही हलली, दोन्ही एकजीव झाली, तरच तो निघायला हो म्हणतो. निघताना अजूनही कोणीतरी विचारतं, ''मागं कुणाला बसवायचं?'' तो म्हणतो, ''कुणालाच नाही.''